सरकीचं बटण

कापसाची ती वाईट वर्षं होती. आत्याची नजर गेली होती आणि आतोबांच्या मागे ती घाटंजीला एकटी राहायची. तिच्यासाठी पोथ्या, गोष्टी ऐकवणारं यंत्र घ्यायला मी यवतमाळला गेले. मोठी बटणं, खणखणीत आवाज, टिकणारी बॅटरी, सगळं ठरवून गेले होते.

दुकानात एक शेतकरी बाई तसंच यंत्र डोळे मिटून चाचपत होती. तिनं पदराच्या गाठीतून सरकी काढली, दुकानदाराकडून डिंक मागून घेतला आणि सुरूच्या बटणावर एक बी चिकटवलं.

"सासूले दिसत नाही. पण जलमभर कापूस येचला, बोटाले सरकी वळखते."

"बंदच्या बटणावर काहून नाही लावली?" मी विचारलं.

"कायले? पोरगा गेला तिचा. घर गप झालं का बुडी त्याले हाका मारते."

तेव्हा माझं तिच्या मोकळ्या कपाळाकडे लक्ष गेलं. जाताना तिनं दोन सरक्या माझ्या हातावर ठेवल्या.

घाटंजीला पोचल्यावर मी एक सुरूच्या बटणावर चिकटवली. आत्याच्या बोटाला ती लगेच सापडली.

"अन् बंद कुठून करू वं?" तिनं विचारलं.

दुसरी सरकी माझ्या मुठीत होती.

"राहू दे, आत्या," मी म्हणाले. "बोलू दे त्याला."