झेरॉक्सवाल्यानं काढलेला मुहूर्त

सोनईच्या त्या झेरॉक्सवाल्याचं नाव मला आजही माहीत नाही. आमचा संसार मात्र त्यानं पानन् पान वाचलाय.

नवरा लंडनला, मी इथे. तिकडे कायमचं राहायला जायचं, तर व्हिसासाठी लग्न खरं असल्याचा पुरावा लागतो, म्हणून आमचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं छापायला गेले होते. चष्मा कपाळावर सरकवून, बोट जिभेला लावत तो एकेक कागद खुशाल वाचत होता. शेवटी मान हलवली.

"ताई, इतक्यात अर्ज करू नका. नुसतं 'जेवलास का', 'जेवलो'. एक भांडन न्हाई. सायबाला तुमी नवरा-बायको वाटनार कशे?"

तणतणत घरी आले आणि नवऱ्याला कळवलं. त्यानं लिहिलं, "बरोबर आहे त्याचं. थांबू थोडं."

"तुला थांबायचंच असतं!"

मग दोन दिवस आमची बोटं थांबली नाहीत. त्याचं घोरणं, माझा हट्ट, लग्नातला रुसलेला मामा, सगळं निघालं.

तिसऱ्या दिवशी ती पानं वाचताना झेरॉक्सवाल्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. माझ्या शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं: 'तिकडे येऊ दे मला, मग बघतेच तुझ्याकडे!'

"आता करा अर्ज," तो म्हणाला. "लगीन खरं हाय."