उजवीकडे वळणारे पाणी

बंदरावरच्या निरीक्षण कचेरीत ते नोकरीला होते, आणि सारे त्यांना बाटलीकाका म्हणत. समुद्राचे प्रवाह कुठे जातात ते कळावे म्हणून ते पाण्यात सोडायच्या बाटल्या तयार करत: काचेच्या बाटलीत तळाशी मूठभर वाळू, वर क्रमांकाचे कार्ड, बुचावर मेण. वाळू अशासाठी, की बाटली गळ्यापर्यंत बुडावी, वाऱ्याला तिची पकड मिळू नये, पाणी नेईल तिकडेच तिने जावे. ज्याला ती किनाऱ्यावर सापडेल त्याने कार्ड टपालात टाकावे, एवढीच विनंती त्यावर छापलेली असे.

काय त्या माणसाची निष्ठा! त्यांनी पुस्तकात वाचले होते, आणि वाचून हात जोडले होते, की वारा पाण्याला पुढे लोटतो खरा. पण ते पाणी ज्या पृथ्वीवर वाहते ती स्वतःच फिरते आहे, म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात ते वाऱ्याच्या उजवीकडे कलते. वरचा थर कलतो, खालचा त्याहून अधिक, त्याखालचा आणखी. "वाऱ्याला वाटतं, मीच हाकतोय," काका हसून सांगत, "पण लगाम दुसऱ्याच्याच हाती!"

मात्र होडीत पाय ठेवला की त्यांच्या पोटात ढवळून येई. म्हणून दर सोमवारी बाटल्यांची पेटी अकरा मैल बाहेर, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात न दिसणारे ते वळण जिथे दिसते त्या खोल पाण्यात, नेण्याचे काम त्यांनी मेहुण्यावर सोपवले. पत्नीचा धाकटा भाऊ, स्वतःची होडी असलेला, घरचा माणूस.

नऊ वर्षे कार्डे येत राहिली. उजवीकडच्या बेटावरून एकही नाही! सगळी वाऱ्याच्या सरळ रेषेतल्या, शेजारच्याच वस्तीतून. साहेब म्हणाले, "काका, तुमची पृथ्वी फिरायची थांबली वाटतं!" काका ओशाळले, आणि नकाशावरचा वळणदार बाण त्यांनी आपल्याच हाताने खोडून सरळ केला. पुस्तक चुकले असेल. मेहुणा कसा चुकेल?

मग एक मासेमारी होडी समुद्रात बंद पडली. वारा तीन दिवस एकसारखा. शेवटचा निरोप आला, होडीत पाणी भरले आहे, काठापर्यंत बुडालो आहोत. शोधपथकाने विचारले, "काका, कुठे बघू?" काकांनी सरळ बाणावर बोट ठेवले.

चौथ्या दिवशी एका जहाजाला ती होडी दिसली. बेटापाशी, उजवीकडे. तिघांपैकी दोघे जिवंत होते.

काका तडक धक्क्यावर गेले. "बाटल्या कुठं टाकत होतास?"

मेहुणा दोर गुंडाळत राहिला. "दाजी, बाटल्यांना काय कळतंय, कुठं टाकल्या ते? बंदराची भिंत ओलांडली की लगेच सोडायचो. पाणी ते पाणीच ना?"

"नऊ वर्षं?"

"सुरुवातीला दोनदा गेलो होतो की लांब."

"अरे, माझ्या ताटाला ताट लावून जेवलास! तुझी बहीण विचारायची, आज समुद्र कसा होता, आणि तू हात पसरून लाटा दाखवायचास!"

मेहुणा रडू लागला. काकांना रडता आले नाही. परक्याने फसवले असते तर देवाजवळ तक्रार करता आली असती. इथे तर बोट त्यांचे स्वतःचे होते, नकाशावर टेकवलेले.

पुढच्या सोमवारी ते दुसऱ्याच्या होडीत चढले. ओकत ओकत अकरा मैल गेले, आणि एकेक बाटली ओंजळीतून सोडली.

सात आठवड्यांनी बेटावरून कार्ड आले. काकांनी ते नकाशावर टाचले नाही. ज्या घरचा माणूस परतला नव्हता, त्या घराच्या पायरीवर ते कार्ड घेऊन उभे राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. दारावर थाप मारायला त्यांचा हात काही केल्या उचलेना.