टेबलाजवळची मोगरी

धनराजच्या एका हातात माइक होता, दुसऱ्या हातात टेपरेकॉर्डरची वायर, आणि दोन्हींतलं काहीच सुटत नव्हतं. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. त्याची बायको सुशीला "अवो, काय झालं?" म्हणत त्याला धरायला धावली. मी खिळ्यावरची धुण्याची लाकडी मोगरी ओढली आणि आधी तिच्या छातीला लावून तिलाच मागे लोटलं. ती उंबऱ्यावर आपटली. मग मी भावाच्या मनगटावर मोगरी घातली, पुन्हा घातली. हाड मोडल्याचं मला कळलं. हात सुटला तेव्हा धनराज खाली पडला, आणि त्याच्यात जीव नव्हता... चुलीवर भात होता, तो करपून गेला.

याला महिना झाला. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत बाया म्हणतात, सुनेनं कुंकू लावलं आणि त्या कुंकवानंच नवरा खाल्ला. म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली आहे. जे झालं तेवढं लिहिता येतं.

आम्ही वलगावचे. मी विधवा होऊन माहेरी परत आले तेव्हा धनराज लहान होता. पुढे तो अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन लागला आणि मला घेऊन आला. त्याला वेड एकच, दूरच्या माणसाशी रेडिओवर बोलायचं. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढला. भंगारबाजारातून पलटणीचं जुनं सामान आणून यंत्र बांधलं, टेलिफोनच्या तुकड्याचा माइक केला. मला त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "अक्का, मले करंट लागला तं मले शिवाचं नाही. आधी मोगरी. रडाचं मागून." टेबलाजवळ खिळा ठोकून त्याने नवी मोगरी टांगली. ती कपड्यांना कधी लागली नाही. शेजारीण विचारायची, "तुमच्या घरी माणसं धुता काय वो?" मी म्हणायची, "भावाले. गरज पडली तं."

टेपरेकॉर्डर अलीकडचा, जुना घेतलेला, त्यानेच दुरुस्त केलेला. अमरावतीचे एक वकीलसाहेब रोज रेडिओवर त्याच्याशी बोलत. आपला आवाज तिकडे कसा पोचतो हे त्यांना ऐकायला हवं असे. धनराज त्यांचं बोलणं टेपेवर घेई, मग टेपरेकॉर्डरची वायर यंत्रात लावून त्यांचंच बोलणं त्यांना परत पाठवी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वकीलसाहेब ओरडले, "हा मी होय? अरे, माह्यी म्हैस बरी बोलते!" धनराज पोट धरून हसला. त्या टेपेवर पुष्कळांचे आवाज आहेत. त्याचा नाही. स्वतःचा आवाज घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

आता कुंकवाचं. यंत्रांच्या भिंतीत खोचायच्या पिना दोन पायांच्या, सुलट्या बसतात तशा उलट्याही बसतात. उलटी बसली की या टेपरेकॉर्डरच्या साऱ्या अंगात करंट येई. म्हणून कोणती बाजू वर ठेवायची ते तपासून धनराज त्या बाजूला तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा लावी. खांडेनवमीला सुशीलाने हत्यारं पुजली. लग्नानंतरची तिची पहिलीच खांडेनवमी. पक्कड, कथलाचा डाग द्यायची सळई, यंत्र, सगळ्यांना तिने कुंकू लावलं. टेपरेकॉर्डरची पिन हातात धरून तिने विचारलं, "अवो, इले लावू काय?"

"लाव ना. तिलेच काहून उपाशी ठेवतं?"

मी तिथेच होते. ती पिन फुटली म्हणून त्याने आदल्याच दिवशी नवी बसवली होती आणि तपासायची राहिली होती, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. वकीलसाहेब नंतर आले, पिन उघडून पाहिली, टिळा उलट्या बाजूला निघाला, तेव्हा मला कळलं. दसऱ्यानंतर कापूस येऊ लागला, जिनिंग जोरात चाललं, तो थकून घरी यायचा, टेपरेकॉर्डर तसाच पडून राहिला. एका सुटीच्या दुपारी टेबलाशी बसला, तो टिळा आपलीच खूण समजून वर केला, पिन खोचली, एका हातात माइक धरला आणि दुसऱ्याने वायर उचलली. खुणेची रीत त्याची, पिन त्याची, लाव म्हणणाराही तोच. चूक धनराजची आहे. मेला म्हणून ती दुसऱ्याची होत नाही.

सुशीला माझ्याशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "बाई, मले त्याइले जिवंतपणी एक डाव हात तरी लावू द्याचा होता."

मी म्हटलं, "लावला असता तं दोन तिरड्या निघाल्या असत्या."

ती उठून आत गेली. तिच्या छातीवरचा काळानिळा डाग अजून पुरता गेलेला नाही, न्हाताना पाणी द्यायला जाते तेव्हा दिसतो. वकीलसाहेबांनी यंत्र नेलं. टेबल रिकामं आहे. मोगरी परवा तिने खिळ्यावरून काढली, पदराने पुसली आणि परत तिथेच टांगली.

त्या दुपारी खोलीत आम्ही तिघं होतो. धनराज गेला. सुशीला आणि मी वाचलो.