त्या वर्षीचा गाळ

आधीच सांगते, मी केमिस्ट्रीची बाई. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजारणीशी माझे आजही वाद होतात. पण हा एक अनुभव असा आहे की तो मला खोडता येत नाही. एकटी असते तर भास म्हणून सोडून दिला असता. पण सोबत होडीवाल्या जयाबाई होत्या आणि त्यांना भासबिस व्हायला वेळ नसायचा.

नवी मुंबई तेव्हा बरीचशी कागदावरच होती. नदीच्या वरच्या अंगाला खनिजातून धातू काढणारा एक कारखाना होता. त्याचं सांडपाणी नदीतून खाडीत यायचं. पाणी वाहून जातं, पण त्यातलं शिसं, जस्त तळाच्या गाळात बसतं. म्हणून आमच्या कॉलेजच्या इनामदार मॅडमनी सत्तरच्या दशकात एक काम हाती घेतलं – दर वर्षी पावसाळा सरला की नदीच्या मुखाशी एकाच जागचा गाळ काढायचा, त्यातले धातू मोजायचे आणि आलेखावर एक ठिपका वाढवायचा. मी त्यांची असिस्टंट. होडी सारसोळे गावच्या कोळीण जयाबाईंची.

खाडीत 'तीच जागा' कशी सापडणार? त्यासाठी आम्ही कोळ्यांची रीत उचलली होती. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचा सुळका एकामागे एक आले की एक रेष. जेट्टीचा खांब आणि कारखान्याचं धुराडं जुळलं की दुसरी. दोन्ही जुळल्या की ती आमची जागा. मॅडम होडीच्या टोकाला उभ्या राहून मिटलेल्या छत्रीने डावं-उजवं दाखवायच्या. छत्री सरळ वर गेली की आम्ही गाळ उचलणारा डबा सोडायचा. वाऱ्याने आमची तारांबळ उडायची, ही बाई मात्र ढिम्म. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, अजून वाटतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गाववाल्यांच्या तक्रारीवर समिती बसणार होती. खाडीच्या मच्छीला वास मारतो म्हणून जयाबाईंच्या टोपलीपासून गिऱ्हाईक परत जात होतं, आणि सगळी भिस्त आमच्या आलेखावर होती. नेमकं त्या वर्षी गाळ काढायच्या सकाळी मॅडमचं पोटाचं ऑपरेशन निघालं. "तू जा," त्यांनी भावाकरवी निरोप धाडला.

मी गेले. होडी खाडीत आली, मी मागे वळून पाहिलं... आणि डोंगराला सुळकाच नव्हता. नव्या शहराला खडी हवी, दगडखाणवाल्यांनी सुरुंग लावून तो उडवला होता. आमची एक रेष गायब. आता जागा शोधायची कशी? अंदाजाने होडी डावीकडे घ्यायला सांगितली.

"ती बग तिकरं, तुजी बाय आली," जयाबाई म्हणाल्या.

किनाऱ्याच्या तिवरांपुढे मॅडम उभ्या होत्या. लख्ख ऊन होतं. हातात मिटलेली छत्री. मला वाटलं, पळून आली शेवटी ही बाई हॉस्पिटलातून... त्यांच्याकडून ते अशक्य नव्हतं! छत्री उजवीकडे हलली, आम्ही उजवीकडे गेलो. आणखी थोडं. मग छत्री सरळ वर. डबा सोडला, गाळ बरणीत भरला, मान वर केली तर तिथे कोणी नाही.

जयाबाई वल्हं मारायच्या थांबल्या. "तिथं कुनी उभं ऱ्हाईल कसं?" त्या हळूच म्हणाल्या. "कमरंएवढा चिखल हाय."

मी सरळ हॉस्पिटल गाठलं. सकाळभर मॅडम भुलीखाली होत्या. भाऊ दाराबाहेरून हललेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मला बघून त्या पहिलं वाक्य काय बोलल्या असतील?

"आधी फार डावीकडे गेलात."

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "भुलीत माणूस काहीही बघतं. तो नमुना धरायचा नाही."

मी तरी तो तपासला. आकडा मागच्या ठिपक्यांच्या चढत्या ओळीत चपखल बसत होता. मी भांडले – समिती तोंडावर आलीय, जयाबाईंच्या पोटाचा प्रश्न आहे, आकडा बरोबर बसतोय!

"बसतोय म्हणून घ्यायचा, तर खाडीत जायचं कशाला? घरीच काढला असता."

टाके ओले असतानाच त्या समितीपुढे गेल्या. कारखान्याचे तज्ज्ञ टपलेलेच होते. "शेवटचा ठिपका कुठाय?"

"जागेची खात्री नव्हती, म्हणून धरला नाही," मॅडम म्हणाल्या.

"आकडा कमी आला असेल," ते हसले.

"जास्त आला होता."

ते हसायचे थांबले. अध्यक्षांनी आलेख पुढे ओढून घेतला आणि बाकीचे ठिपके एकेक करून वाचले. सांडपाणी स्वच्छ केल्याशिवाय नदीत सोडायचं नाही, असा हुकूम त्याच बैठकीत निघाला. माझे डोळे भरून आले होते. मॅडम मात्र खुर्चीवरून उठायला कोणाचा हात मिळतो का बघत होत्या.

यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. दोघींना एकच भास, तोही भर उन्हात? आणि ते 'डावीकडे'? गाववाल्यांबरोबर आलेल्या जयाबाईंनी मात्र समितीच्या बैठकीतून बाहेर पडताना मॅडमना हात दिला आणि सरळ विचारलं, "बाय, खरं सांग, तू आलतीस ना?"

मॅडम त्यांचा हात धरून एक पायरी उतरल्या.

"आले असेन, जयाबाई," त्या म्हणाल्या. "पण जागा मोजून नाही आले."