पळून न गेलेली तेता

तेता कुठलंही दार पूर्ण लावत नसे. ओमानमधल्या सलालाहच्या आमच्या हॉटेलात ती हाउसकीपिंगची प्रमुख होती आणि मी एसी-मेंटेनन्सला. स्टाफच्या इमारतीत तिच्या दाराखाली जुन्या चपलेचा तुकडा कायम खुपसलेला असे. सगळी थंड हवा बाहेर पळायची आणि मशीन बिचारं धापा टाकत राहायचं. मी कुरकुरलो की म्हणायची, "पोरा, मशीन दमलं तर तू आहेस. माझा जीव दमला तर कोण उघडून बघणार?" आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, वर हिंदी-अरबीची फोडणी.

'तेता' म्हणजे तिच्या अल्बेनियात मावशी. पन्नाशी उलटलेली, रुंद हाडाची, भुवया कायम आक्रसलेल्या. तिचं गाव दक्षिणेच्या डोंगरात. घरं दगडाची, छपरंही दगडी फरश्यांची. घराणं गवंड्यांचं. आजा-पणजा परमुलखात बांधकामाला जायचे आणि वर्षानुवर्षं परतायचे नाहीत. या जाण्याला त्यांच्यात 'कुर्बेत' म्हणतात. मी सांगितलं, "आमच्या मालवणात अशा माणसाला चाकरमानी म्हणतात." तो शब्द तिनं लगेच उचलला. नव्या पाहुण्यानं ओळख विचारली की ती गंभीरपणे सांगायची, "आय ॲम चाकरमानी."

शुक्रवारी ती पालक आणि चीज भरून पातळ पापुद्र्यांची पोळी भाजायची. लाटणं हातात असलं की तिची जीभ सैल सुटे. असंच एकदा लाटता लाटता तिनं काकाची गोष्ट सांगितली. ती लहान असताना बाबांचा धाकटा भाऊ शेळ्या घेऊन डोंगरावर गेला आणि सीमा ओलांडून ग्रीसमध्ये पळाला. शेळ्या संध्याकाळी आपापल्या घरी आल्या. त्या काळी देश सोडणं म्हणजे देशद्रोह. थोड्याच दिवसांत सरकारी ट्रक आला आणि आजीसकट सगळ्यांना खाली दलदलीच्या मुलखात नेऊन टाकलं. घरं बांधणारे बाबा तिथं पाटाचा चिखल उपसत राहिले.

"तुरुंग होता?" मी विचारलं.

"नाही. कुंपणसुद्धा नव्हतं. सकाळ-संध्याकाळ चौकीवर हजेरी द्यायची, बस्स. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही." तिनं पापुद्रा उचलून ताटात पसरला. "पळणारा एकटा पळतो, पोरा. कोंडलं जातं ते घर."

ती विशीत आली तेव्हा ते सरकार पडलं. बाबांनी कुटुंबाला गावी परत आणलं. छप्पर खचलं होतं. त्यांनी ते पुन्हा घातलं.

मग एका खरीफमध्ये ते घडलं. खरीफ म्हणजे आमच्या सलालाहचा पावसाळा. डोंगर हिरवे होतात आणि धुकं असं उतरतं की गाडीचं बोनेट दिसत नाही. तेता हॉटेलची पिकअप घेऊन डोंगरावरून खाली येत होती. धुक्यातून उंट आडवा आला, त्याच्यामागे त्याला हाकणारा माणूस. उंट वाचला, माणसाच्या मांडीचं हाड मोडलं, डोक्यालाही मार बसला. तेताला पोलिसांनी ठेवून घेतलं, तिचा पासपोर्टही. सोडवायचं तर कुणीतरी जामीन राहून आपला पासपोर्ट जमा करायला हवा होता. मॅनेजर फाईल चाळत राहिला. मी माझा पासपोर्ट दिला. मला कावीळ झाली होती तेव्हा याच बाईनं पंधरवडाभर मला पेज भरवली होती. विचार काय करायचा?

केस लांबत गेली. जखमी माणूस नीट जबाब देण्याच्या अवस्थेत नव्हता. तेता दर आठवड्याला त्याला बघायला इस्पितळात जायची. तुळशीचं लग्न झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न गावी लागलं, ते मी बॉयलर रूममध्ये उभं राहून फोनवर पाहिलं. अंतरपाट दूर झाला आणि नेमकं नेटवर्क गेलं. धुकं बघायला सलालाहला लोटलेलं सगळं आखात कधीच परत गेलं होतं आणि आम्हा दोघांना तिथून हलता येत नव्हतं. समोर समुद्र, पाठीशी डोंगर.

त्यातच तिच्या बाबांनी अंथरूण धरलं. ते तिला फोनवर एवढंच विचारत, "निघालीस का?"

एका दुपारी ती माझ्या वर्कशॉपमध्ये आली आणि पुढ्यात बसली.

"एक माणूस भेटलाय. वाळवंटातून सीमेपलीकडे नेतो म्हणतो."

मी हातातला पाना खाली ठेवला. "मग?"

"मी गेले तर तुझं काय होईल?"

मला खोटं बोलवेना. "मी इथंच अडकेन. केस माझ्यावर येईल."

"आई आहे ना तुला?"

"आहे."

तिनं माझी विखुरलेली अवजारं एका रांगेत लावली. मग उठली. "त्याला नाही म्हणून सांगून आलेय. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून बोलले."

आठवड्याभरात तिचे बाबा गेले. ती कामावर आली, चादरी मोजल्या, पोरींवर ओरडली. दुपारी लॉन्ड्रीत तिचा आवाज आला म्हणून मी डोकावलो. इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून ती लांब, चढ्या सुरात काहीतरी म्हणत होती. लॉन्ड्रीतल्या केरळी बायका काम थांबवून तिच्याभोवती उभ्या होत्या. भाषा एकीलाही कळत नव्हती. सगळ्या रडत होत्या, तिचे डोळे मात्र कोरडे.

हिवाळ्यात उंटवाला कुबड्या घेऊन कोर्टात आला आणि म्हणाला, उंट उधळला, मीच त्याच्यामागे रस्त्यावर धावलो. तेव्हा कुठे केस मिटली. पासपोर्ट हातात आले. विमानतळावर तेतानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि फक्त म्हणाली, "आधी आईकडे जा."

मी गेलो, आईला सगळं सांगितलं. घरी असतानाच तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे दगडी भिंत, उन्हात खुर्चीवर एक वाळलेला म्हातारा.

"हा काका," ती म्हणाली. "तिकडं ग्रीसमध्ये म्हातारा झाल्यावर तीन वर्षांपूर्वी परतला. बाबांनी काही विचारलं नाही. आत घेतलं, जेवू घातलं. शेवटी बाबांना पाणी यानंच पाजलं. शेवटची आंघोळही यानंच घातली."

तिनं एकदा मागे वळून काकाकडे पाहिलं.

"पळाला तो जवळ होता, पोरा. मी नव्हते."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. मालवणीपलीकडे तिला कुठलीच भाषा येत नाही. पडद्यावरच्या त्या बाईकडे तिनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाय माजी, तुज्यामुळां माजो झील घराक इलो गो."

तेताला शब्द कळले नसतील. पण ती रडली. एवढ्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच रडताना बघत होतो.