उलट्या पिळाचा दोर

भाऊ गेल्याची खबर आमच्या गावी पोचली तेव्हा तिकडे भामरागडला सगळं आटोपलं होतं. पावसाने वाटा बंद होत्या. बांबूच्या ठेकेदाराकडे कामाला गेलेला माझा थोरला भाऊ तापाने गेला, तिथल्याच माणसांनी त्याला नदीकाठी अग्नी दिला, आणि आम्हाला उरली ती मांडवाखालची मोटार.

कुणा साहेबाने जाताना टाकून दिलेली ती जुनी मोटार भावाने बैल जुंपून ओढत घरी आणली होती. "आई, शिवरात्रीले तुले ह्याच गाडीनं मार्कंड्याच्या यात्रेले नेतो," असं तो ओसरीवर बसून सांगायचा. गाव तिला रुसलेली नवरी म्हणे, कारण ती कुणी कितीही मनधरणी केली तरी जागची हलत नसे.

तेरवी झाली. मला रडू आलं नाही. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. जेवत होतो, झोपत होतो, लोक समजूत घालायला आले की त्यांचाच राग येई. आई मात्र उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीना. विहिरीवर नाही, शेतात नाही, भाचीच्या लग्नालासुद्धा नाही. कुणी बोलावलं की तिचं एकच म्हणणं, "तो नेणार होता ना मले. त्याच गाडीनं निघीन, नाई तर नाई."

म्हणून मी मोटारीला हात घातला. प्रेमाबिमाने नाही. आईला घराबाहेर काढायचं तर दुसरा रस्ताच नव्हता.

धान कापून झाल्यावर आधी कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये धुतला. मग उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या, मग ब्रेकच्या सळ्या मोकळ्या केल्या. रेडिएटर गळत होता, त्याला गावातल्या मिस्त्रीचाचांनी कथलाचा डाग दिला, तरी तो थेंब थेंब गळतच राहिला. "हळद टाक बेटा पाण्यात," चाचा म्हणाले, "बारीक भोक खुद बंद होते." टाकली. गळती थांबली आणि गाडीचं पाणी पिवळं झालं. ते पाहून बाबा म्हणाले, "घ्या, नवरीले हळद लागली!" भाऊ गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच थट्टेत बोलले. मी हसलो नाही. पाना उचलला आणि पुढच्या नटाला लागलो.

मागच्या डाव्या चाकाचं काम तेवढं भावानेच करून ठेवलं होतं. ट्यूब मिळेना तेव्हा त्याने धानाच्या तणसाचा, म्हणजे वाळल्या पेंढ्याचा, जाड दोर वळून टायरमध्ये ठासून भरला होता. भाऊ डावखुरा. त्याच्या दोराचा पीळ नेहमी उलटा पडे. माझा दोर त्याच्या दोराला जोडला की दोन्ही उकलत, आणि बाबा दोघांनाही शिव्या घालत. ते चाक मी उघडलं नाही. भरलेलं आहे, चालेल, एवढाच विचार केला.

माघात इंजिन एकदाचं धडधडलं. आई आतून दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. बाहेर आली नाही.

शिवरात्रीला मात्र पहाटेच न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून ती अंगणात उतरली. गाडीला कुंकू लावलं आणि मागे जाऊन बसली. बाबा बैलांपाशी घरीच थांबले. डावं चाक दणके देत होतं, यात्रेला निघालेल्या बैलांच्या बंड्या आम्हाला मागे टाकून जात होत्या, पण आम्ही वैनगंगेपर्यंत पोचलो. पलीकडच्या काठावर मार्कंड्याची देवळं दिसत होती. पाणी ओसरलेल्या पात्रातल्या वाळूत उतरलो आणि चाक रुतलं.

टायर रिंगवरून सुटलं होतं. आतलं कुजकं तणस काढून नवं भरायचं, दुसरा इलाज नव्हता. शेजारचा बंडीवाला आपल्या बैलांचं तणस द्यायला तयार झाला. मी बोटं घालून दोर ओढला. हातभर बाहेर आला, आणि मला तो उलटा पीळ दिसला.

आई उतरून माझ्यामागे उभी होती. तिलाही दिसला.

"थांब. तो काढू नको."

"मंग गाडी हलत नाई, आई. देऊळ तं समोर दिसून राह्यलं."

तिने दोराचं टोक हातात घेतलं. पीळ सुटत चालला होता, तो घट्ट करून तिने ते माझ्या चिमटीत दिलं.

"आणलं ना त्यानं इथवर. आता पायी जाईन."

लुगडं वर खोचून ती वाळूतून निघाली आणि यात्रेच्या माणसांत मिसळली. मागे वळून पाहिलं नाही.

मी ते टोक धरून चाकापाशी बसलो. सोडलं की उकलणार होतं. बंडीवाला विचारत होता, "भाऊ, तणस पायजे का नाई?" मला रडू आलं, इतक्या महिन्यांचं, सगळ्या यात्रेदेखत, हुंदके देऊन. डोळे पुसायला दुसरा हात होता. चिमूट मी सोडली नाही.