चाळीस फुलपाखरं

माझ्या मावशीने सव्वीस वर्षं बसडेपोत गाड्यांवर नंबर रंगवले. निवृत्त झाल्यावर गप्प बसेल तर ती मावशी कसली! दर शनिवारी शाळेत जाऊन ती मुलांना स्टेन्सिल कापायला शिकवू लागली. जुन्या एक्सरेच्या फिल्म धुवायच्या, त्यावर आपल्या मनचं चित्र काढायचं, कापायचं, भिंतीवर धरून स्पंजने रंग थोपटायचा.

"शून्य अख्खं कापलंस तर पोट गळून पडेल," ती सांगायची. "पोटाला धरायला दोन पूल ठेव."

दोन महिन्यांत शाळेची भिंत भरली. गोगलगाय, आजोबांचा चष्मा, शिट्टी मारणारा कुकर. एका डावखुऱ्या मुलीने झाडू कापला; तिची आई डेपो झाडायची. काडी न् काडी सुटी दिसावी म्हणून पोरीने तीन फिल्म वाया घालवल्या.

मुख्याध्यापकांनी नाक मुरडलं. "सोमवारी पाहुणे यायचेत. झाडू कसला काढता? फुलंबिलं काढा."

सोमवारी पाहुण्यांसाठी म्हणून मावशीही शाळेत गेली; बघते तर भिंत पांढरीफटक! रविवारची सुट्टी साधून रंगारी बोलावलेला. त्या पांढऱ्यावर विकतच्या साच्याने छापलेली चाळीस फुलपाखरं, सगळी एका तोंडवळ्याची. खाली ठळक अक्षरांत, 'आमच्या विद्यार्थ्यांची कला'.

पाहुण्या बाईंनी त्याच मुलीला कौतुकाने विचारलं, "यातलं तुझं कुठलं गं?"

"एकही नाही. माझा झाडू होता. तो पुसला."

मुख्याध्यापक घाईघाईने हसले. "लहान आहे, विसरते."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती काही विसरलेली नाही! भिंतीवर खोटं तुम्ही लिहिलंत, आणि वर पोरीलाच खोटं पाडताय?"

पाहुण्या बाई घड्याळ बघून चहाला निघून गेल्या.

मावशी मात्र ऑफिसात ठाण मांडून बसली. "ती ओळ पुसल्याशिवाय मी हलणार नाही." क्लार्कने दिलेल्या चहाला तिने हात लावला नाही. शाळा सुटायच्या वेळेला शिपाई चुन्याचा डबा घेऊन निघाला. ओळ गेली, फुलपाखरं राहिली. 'यापुढे शनिवारी येऊ नका,' असा मावशीला निरोपही मिळाला.

आता अकरा मुलं तिच्या स्वयंपाकघरात फिल्म कापतात आणि काका शनिवारी उभ्यानेच जेवतात. पण मावशीचा राग ओसरलेला नाही.

"भिंत गेली चुलीत," ती म्हणते. "त्या पोरीची माफी कोण मागणार?"

अजून कोणी मागितलेली नाही.